पोप गेला, जहागीर राहिली

युरोपात धर्मसुधारणा झाली आणि बाईच्या पायातली बेडी तुटली, असे विधान हल्ली आपल्या अभ्यासवर्गांमध्ये फार सहज केले जाते. पोप हटला, लग्न हा संस्कार न राहता करार झाला, घटस्फोट मिळाला, विषय संपला. बोलणारा पुढच्या मुद्द्यावर जातो आणि ऐकणारे वहीत तीन ओळी उतरवून घेतात. आम्हाला या तीन ओळींशी भांडायचे आहे. त्या पूर्ण खोट्या नाहीत. पण अर्धवट खऱ्या गोष्टी चळवळीचे जास्त नुकसान करतात, कारण त्यांना कुणी उलटतपासणी घेत नाही.

‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी ल्यूथरच्या धर्मसुधारणेला युरोपच्या राजकीय मुक्तीची पूर्वपायरी म्हटले आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. पाठ असलेली गोष्ट तपासून पाहायला हरकत नसावी. तेव्हा एक देश घेऊ, स्कॉटलंड. आणि एकच प्रश्न विचारू: तिथल्या उमरावांच्या घरात लग्न आणि घटस्फोट यांचे नेमके काय झाले? उमरावच का? कारण कायदा कुणासाठी वाकतो हे पाहायचे असेल, तर ज्याच्यापुढे तो वाकतो त्याच्याच दारात उभे राहावे लागते.

आधी जुनी व्यवस्था समजून घेऊ. १५६० पूर्वी स्कॉटलंडमध्ये रोमन चर्चचा कायदा चाले. त्यात लग्न तोडता येत नसे. पण लग्न मुळातच झाले नव्हते, असे मात्र ठरवता येत असे. यात मोठी मेख होती. चौथ्या पिढीपर्यंतच्या नात्यात, म्हणजे दोघांचा खापरपणजोबा एक असेल तर, लग्न निषिद्ध. सासरकडच्या नात्यातही तसेच. बाप्तिस्म्याच्या वेळी कुणी मुलाला धर्मपिता म्हणून हातात धरले असेल, तर त्या नात्यातही निषिद्ध. आता विचार करा. स्कॉटलंडची मोठी घराणी किती? हॅमिल्टन, डग्लस, गॉर्डन, कॅम्पबेल, स्टुअर्ट आणि आणखी काही. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांतच लग्ने करीत होती. जमीन बाहेर जाऊ द्यायची नाही, बरोबरीच्या खालच्या घरात मुलगी द्यायची नाही, वैर मिटवायचे तर मुलगी देऊन मिटवायचे. मग नात्याबाहेरचा वर आणायचा कुठून?

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात तरुण भीमराव आंबेडकरांनी एक सूत्र मांडले होते. सगोत्र विवाह निषिद्ध असलेल्या समाजावर अंतर्विवाहाचे बंधन लादले गेले, तिथून जात घडली. आम्ही स्कॉटलंडच्या उमरावांना जात म्हणत नाही. त्यांच्याकडे नव्या माणसाला वर चढायला फट होती आणि अस्पृश्यतेसारखे काही नव्हते. तरीही या सूत्राचा दिवा हातात घेऊन गेलो, तर त्या वाड्यांतले बरेच दिसते. चर्च सांगते, नात्याबाहेर लग्न कर. वर्ग सांगतो, वर्गाच्या आत कर. दोन्ही एकदम पाळता येत नाही. मग तोडगा काय? रोमकडून सूटपत्र आणायचे. पैसे भरा, ओळख लावा, निषिद्ध लग्न पवित्र होते. आणि कुणी सूटपत्र आणलेच नाही, किंवा त्यात एखादे नाते लिहायचे राहून गेले, तर? तर पुढे कधी बायको नकोशी झाली की तीच चूक खिशातल्या किल्लीसारखी कामाला येते. नात्याचा शोध तेव्हा लागतो. दहा वर्षे संसार करून झाल्यावर माणसाला अचानक आपला खापरपणजोबा आठवतो!

राणी मार्गारेट ट्यूडरचे उदाहरण घ्या. नवरा चौथा जेम्स १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणात पडला. पुढच्याच वर्षी तिने अँगसचा उमराव आर्चिबाल्ड डग्लस याच्याशी लग्न केले, आणि त्यापायी राज्यकारभारावरचा हक्क गमावला. लग्न नासले. मग तिने सुटकेसाठी जी कारणे पुढे केली, त्यांत एक असे होते की चौथा जेम्स फ्लॉडननंतरही काही काळ जिवंत होता, म्हणून दुसरे लग्नच खोटे. दुसरे कारण, अँगसने आधीच दुसऱ्या बाईला वचन दिले होते. १५२७ मध्ये रोमने लग्न रद्द केले, पण मुलगी मात्र औरस राहिली. तिकडे इंग्लंडात बसलेला भाऊ आठवा हेन्री बहिणीच्या या वागण्यावर संतापला. हा तोच हेन्री, ज्याने त्याच १५२७ साली आपल्या बायकोपासून सुटण्याची खटपट सुरू केली होती. पुढे मार्गारेटला तिसऱ्या नवऱ्यापासूनही सुटायचे होते, पण तेव्हा पोटच्या मुलानेच, म्हणजे राजा पाचव्या जेम्सने, ते होऊ दिले नाही.

१५६० च्या ऑगस्टमध्ये स्कॉटिश संसदेने पोपची सत्ता संपवली. जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नव्या चर्चसाठी एक मोठा मसुदा तयार केला. त्याला ‘फर्स्ट बुक ऑफ डिसिप्लिन’ म्हणतात. हा मसुदा आपल्या तरुणांनी एकदा तरी मुळातून वाचावा, कारण त्यात लग्नाविषयी एक फार मोलाची गोष्ट आहे. मुलगा-मुलगी राजी असतील आणि बाप केवळ पैसा कमी म्हणून किंवा समोरचे घराणे आपल्या तोलाचे नाही म्हणून आडवा येत असेल, तर त्यांनी धर्मगुरूकडे किंवा दंडाधिकाऱ्याकडे जावे आणि त्यांनी बापाच्या जागी संमती द्यावी. घराण्याची उंची हे लग्न अडवायचे कारण होऊ शकत नाही, असे सोळाव्या शतकात लिहून ठेवले गेले! व्यभिचार सिद्ध झाला तर निर्दोष जोडीदाराला घटस्फोट आणि पुनर्विवाहाचा हक्कही याच मसुद्यात आहे. (दोषी जोडीदार खरे तर मरणदंडालाच पात्र, असेही त्यात आहे. नॉक्स काही दयाळू माणूस नव्हता. पन्नाशीच्या आसपासच्या या विधुराने १५६४ मध्ये सतरा वर्षांच्या उमरावकन्येशी लग्न केले, तेही इथे नोंदवून ठेवू.)

मग या मसुद्याचे झाले काय? अनेक उमरावांनी त्यावर सह्या केल्या, पण संसदेने तो कायदा म्हणून कधीच मंजूर केला नाही. मुख्य अडचण पैशाची होती. जुन्या चर्चची जमीन आणि उत्पन्न शाळांना, गरिबांना आणि धर्मगुरूंना द्यावे, असे त्यात म्हटले होते, आणि ते उत्पन्न तर उमरावांच्या घशात उतरलेले होते. अख्खे पुस्तक बाजूला पडले. त्यातला जो भाग उमरावांच्या कामाचा होता, तो मात्र कायद्याच्या रूपाने एकेक करून येत गेला.

क्रम पाहा. १५६४ मध्ये एडिनबरात कमिसरी कोर्ट उभे राहिले आणि घटस्फोटाचे दावे तिथे चालू लागले. १५६७ च्या डिसेंबरात संसदेने नात्याची मर्यादा बायबलातल्या लेवीय नियमांपर्यंत खाली आणली, म्हणजे चुलत, मामे, आते, मावस भावंडांचेही लग्न कायदेशीर झाले. ‘अंधश्रद्ध रोमन बंधने गेली’ असे याचे कौतुक होते. होवो. पण घराण्यांच्या हिशेबात याचा अर्थ काय? रोमला फी न देता, परवानगी न मागता जमीन घरातल्या घरात ठेवायची सोय झाली. चर्चचा तो जुना निषेध कितीही ढोंगी असला, तरी कागदावर तो घराण्यांना बाहेर ढकलत होता. तो गेला. बरोबरीच्याच घरात लग्न करायचे हा वर्गाचा नियम मात्र कोणत्याही संसदेने रद्द केला नाही, कारण तो कुठल्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. सरंजामी धन्याला वारसाच्या लग्नावर जो पैशाचा हक्क असे, तोही जसाच्या तसा राहिला. तो १७४७ पर्यंत चालला.

आता बॉथवेल. या गोष्टीवर कादंबऱ्या आहेत, सिनेमे आहेत, राणी मेरी आणि तिचा धटिंगण प्रियकर वगैरे. आम्ही फक्त तारखा मांडतो.

बॉथवेलचा उमराव जेम्स हेपबर्न याचे लग्न हंटली घराण्यातल्या जीन गॉर्डनशी २४ फेब्रुवारी १५६६ रोजी झाले, प्रोटेस्टंट पद्धतीने. दोघे चौथ्या पिढीच्या नात्यात होते, म्हणून सेंट अँड्रूजचा आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने आठवडाभर आधी रीतसर सूटपत्र दिले होते. १० फेब्रुवारी १५६७ ला राणीचा नवरा डार्न्ली मारला गेला. १२ एप्रिलला त्या खुनाच्या आरोपातून बॉथवेल सुटला. त्याच महिन्यात बसलेल्या संसदेने जीनच्या भावाला, हंटलीच्या उमरावाला, बापाच्या बंडामुळे जप्त झालेली जहागीर परत देण्यावर शिक्कामोर्तब केले. २४ एप्रिलला बॉथवेलने राणीला वाटेत अडवून आपल्या किल्ल्यात नेले. ३ मे रोजी नव्या प्रोटेस्टंट कोर्टाने जीनला बॉथवेलच्या व्यभिचारावरून घटस्फोट दिला. ७ मे रोजी जुन्या कॅथलिक कोर्टाने तेच लग्न नात्याच्या कारणावरून मुळातच रद्द ठरवले. हे कोर्ट कुणाचे? त्याच आर्चबिशप हॅमिल्टनचे. राणीने ते डिसेंबरमध्येच पुन्हा उभे केले होते. ज्याने सूटपत्र दिले, त्याच्याच कोर्टाने सूटपत्र नव्हते म्हणून लग्न मोडले! १५ मे रोजी राणी आणि बॉथवेल यांचे लग्न लागले.

एकाच नवराबायकोची चार दिवसांत दोन धर्मांच्या दोन कोर्टांतून फारकत. राणी कॅथलिक, बॉथवेल प्रोटेस्टंट, म्हणून दोन्हीकडची पावती हवी होती. जे लोक ‘जुना धर्म वाईट, नवा धर्म चांगला’ एवढ्यावर थांबतात, त्यांनी या चार दिवसांचे काय करायचे ते सांगावे. माणूस पुरेसा वजनदार असला की दोन्ही धर्म त्याच्या दाराशी मुकाट उभे राहतात.

सगळेच मुकाट नव्हते, हेही सांगितले पाहिजे. एडिनबराचा धर्मगुरू जॉन क्रेग याने या लग्नाची जाहीर घोषणा वाचायला आधी नकार दिला, आणि वाचली तेव्हा चर्चमध्ये उभे राहून आपला तिरस्कार बोलून दाखवला. एका माणसाची हिंमत. लग्न झाले ते झालेच.

आणि जीन गॉर्डन? कादंबरीकार तिला बिचारी करून टाकतात. ती बिचारी नव्हती. ते सूटपत्र तिने आपल्याजवळ ठेवले. पुढे ती सदरलंडच्या उमरावाची बायको झाली, आणि तीनशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकात, तो कागद सदरलंडच्या डनरॉबिन किल्ल्यातल्या दप्तरात सापडला. म्हणजे ३ मे आणि ७ मेच्या नाटकातले दुसरे नाटक खोटे आहे, याचा पुरावा त्या बाईच्या पेटीत पडून होता आणि ती गप्प होती. भावाला जहागीर मिळाली, तिला नको असलेल्या नवऱ्यापासून सुटका मिळाली. घराण्याने आणि तिने मिळून भाव ठरवला, असे आमचे वाचन आहे. बाईच्या हाती थोडी सत्ता आली की तीही घराण्याच्या हिशेबातच बोलते, हे आपल्याकडच्या पाटलिणींकडे पाहिले तरी कळते.

या खटल्यात तिसरी एक बाई आहे. बेसी क्रॉफर्ड. जीनची नोकर. बॉथवेलचा व्यभिचार हिच्याशी झाला, असे कोर्टात साक्षीदारांनी सांगितले. उमरावाने घरातल्या नोकर मुलीशी काय केले, त्यात तिची मर्जी किती होती, हा प्रश्न त्या कोर्टापुढे नव्हताच. तिचे शरीर हा पुरावा होता. तो वापरून एक उमराव आणि एक उमरावकन्या मोकळी झाली. आम्ही वाचलेल्या पुस्तकांत बेसीचे नाव या खटल्यापुरते येते. राणीच्या प्रेमकथेवर शेकडो पाने लिहिणाऱ्यांना तिच्यासाठी एक परिच्छेद पुरतो.

याच काळात सामान्य माणसाला व्यभिचाराची किंमत काय होती? १५६३ च्या कायद्याने उघड व्यभिचाराला मरणदंड ठेवला. प्रत्यक्षात फाशी क्वचित झाली, पण गावोगावच्या चर्चपंचायतीपुढे गोणपाट नेसून, सगळ्या गावासमोर पश्चात्तापाच्या बाकावर रविवारमागून रविवार बसावे लागे. दंड वेगळा. नवे चर्च उमरावांनाही प्रायश्चित्त सांगत असे, हे खरे. १५८१ मध्ये मार्चच्या उमरावाची बायको एलिझाबेथ स्टुअर्ट हिने नवरा नपुंसक असल्याच्या कारणावरून लग्न मोडून घेतले. तेव्हा ती दुसऱ्यापासून गरोदर होती. तो दुसरा म्हणजे जेम्स स्टुअर्ट, अॅरनचा उमराव, बालराजाच्या दरबारातला चढता तारा. दोघांनी जुलैत लग्न केले, चर्चने प्रायश्चित्त द्यायला लावले, ते त्यांनी दिले आणि पुढे काही वर्षे देशाचा कारभार हाकला. बाक तोच. पण मोलकरीण त्या बाकावरून उठून कुठे गेली, आणि हे दोघे उठून कुठे गेले?

आमच्या मते या सगळ्यात सर्वात शिकण्यासारखे प्रकरण आर्गाइलचे आहे, आणि नेमके तेच आपल्याकडे कुणाला माहीत नसते. आर्गाइलचा पाचवा उमराव आर्चिबाल्ड कॅम्पबेल हा नव्या धर्माचा खंदा पुढारी. बायको जीन स्टुअर्ट, पाचव्या जेम्सची अनौरस मुलगी, म्हणजे राणी मेरीची सावत्र बहीण. दोघांचे पटत नव्हते. १५६३ मध्ये खुद्द राणीने नॉक्सला मध्यस्थी करायला सांगितले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही दोघे एका उमरावाचा संसार सांधायला एकत्र आली! काही काळ जमले. १५६७ मध्ये ती घर सोडून गेली, ती परत आली नाही.

आता आर्गाइलपुढे पेच. त्याला औरस वारस नव्हता, दुसरे लग्न हवे होते. घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण, आणि व्यभिचारी तर तो स्वतः होता. त्याने दावा केला तर त्याचेच पाप पुढे येणार. तिने दावा केला तर काम होणार, पण ती करायला तयार नव्हती. नवऱ्याच्या व्यभिचारावरून घटस्फोट मागायचा हक्क तिच्या हातात होता, आणि तो न वापरणे हेच तिचे शस्त्र झाले.

मग काय झाले? कायदाच बदलला. एप्रिल १५७३ मध्ये संसदेने नवे कारण जोडले, चार वर्षे जोडीदाराला सोडून राहिल्यास घटस्फोट. त्याआधी कोर्टाने परत नांदायला जाण्याचा हुकूम द्यायचा, चर्चने समज द्यायची, मग बहिष्कार, मग फारकत. आणि हा नियम पुढच्यांनाच नव्हे, मागे घडलेल्या प्रकरणांनाही लागू. त्या वेळी देशाचा चान्सलर कोण होता? आर्गाइल. जूनमध्ये त्याला घटस्फोट मिळाला. ऑगस्टमध्ये त्याने जीन कनिंगहॅमशी लग्न केले. सप्टेंबरमध्ये तो वारला. औरस वारस मागे राहिला नाही, जहागीर भावाकडे गेली.

सोडून जाणाऱ्या बाईला या कायद्याने हुंड्यावर पाणी सोडायला लावले. पण ती घर का सोडते? मारहाण होत असेल तर? मारहाण हे घटस्फोटाचे कारण नव्हते. फार तर वेगळे राहायची परवानगी मिळे, पुनर्विवाह नाही. क्रौर्य हे कारण म्हणून मान्य व्हायला स्कॉटलंडमध्ये १९३८ साल उजाडावे लागले. उमरावाला पाहिजे असलेले कारण संसदेच्या एका बैठकीत आले. बाईला पाहिजे असलेले कारण यायला ३६५ वर्षे.

इथे आम्हाला अडवून कुणी विचारेल, मग तुमच्या मते धर्मसुधारणा फुकट गेली का? नाही. इंग्लंडमध्ये १८५७ पर्यंत कोर्टातून घटस्फोट नव्हता, आणि त्यानंतरही नवऱ्याचा नुसता व्यभिचार बायकोला पुरेसा नव्हता. ती विषमता १९२३ मध्ये गेली. स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणेपासूनच नवरा आणि बायको यांना एकाच कारणावर, एकाच कोर्टात दाद मागता येत होती. ही लहान गोष्ट नाही, आणि ती कुणा उमरावाच्या मेहेरबानीने आली नाही. नव्या धर्माच्या विचारातून आली. आणि आर्गाइलसाठी केलेला कायदासुद्धा ‘आर्गाइलला घटस्फोट द्यावा’ अशा शब्दांत लिहिला गेला नाही. तो सर्वांना लागू होईल अशा शब्दांत लिहावा लागला. पुढे अठराव्या शतकात एडिनबराच्या त्या कोर्टात कारागीर आले, सैनिक आले, नोकर आले, सोडून दिलेल्या बायका आल्या. साऱ्या देशाला घटस्फोटासाठी ते एकच कोर्ट, तरी आल्या.

म्हणून आमचे भांडण धर्मसुधारणेशी नाही, त्या तीन ओळींशी आहे. ‘धर्म बदलला, बाई सुटली’ म्हणणारा माणूस पुढचे प्रश्न टाळतो. कारणांच्या यादीत कोणते कारण घातले आणि कोणते बाहेर ठेवले? कोर्ट कुठे आहे? साक्षीसाठी कुणाची अब्रू लागते? मसुद्यातले कोणते कलम पास झाले, आणि घराण्याच्या उंचीवरून लग्न अडवता येणार नाही हे कलम कुणी दाबून ठेवले? हे प्रश्न एडिनबराच्या दप्तराला विचारायचे म्हणजे तारखा पाठ असाव्या लागतात. पुढच्या अभ्यासवर्गात कुणी त्या तीन ओळी पुन्हा म्हटल्या, तर त्याला एवढेच विचारा, ३ मे १५६७ आणि ७ मे १५६७ या दोन तारखांना काय झाले?

आर्गाइलचा तो १५७३ चा कायदा १९३८ पर्यंत चालला. ज्याच्यासाठी तो झाला, त्याने नव्या बायकोबरोबर जेमतेम महिनाभर संसार केला. जीन स्टुअर्ट त्याच्यानंतर चौदा-पंधरा वर्षे जगली.